साठीनंतरचा पहिला घाट: एका माणसावरून किती बोलता येतं?

संशोधन पद्धतीच्या तासाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका. नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्यांना ते पाठच असतं. पण त्याच्याच उलट बाजूचं वाक्य फारसं कुणी सांगत नाही. ते म्हणजे, सरासरीवरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका. पीएचडीला लागल्यावर ही दुसरी बाजू मला जास्त छळायला लागली. कारण पेपर हजारो लोकांवर असतो आणि प्रश्न विचारायला येणारा माणूस नेहमी एकटाच येतो.

माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे माझे चुलते, आप्पा. वय ६२. एसटीचे निवृत्त चालक, राहायला वाईला. वाई ते पाचगणी हा पसरणी घाट त्यांनी बस घेऊन किती वेळा चढला असेल याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर चार वर्षांपासून ते सायकल चालवतात, रोज सकाळी वाई ते पाचवड आणि परत. सगळा सपाट रस्ता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की आता पाचगणीला सायकलने जायचं. घरात वादळ उठलं. काकू म्हणाल्या, "या वयात छातीवर ताण घ्यायचं काही कारण आहे का?" चुलतभावाने मोबाइलवर कुठलंसं सूत्र वाचून दाखवलं की या वयात हृदयाचे ठोके अमुक एका आकड्यावर गेले की धोका. मग आप्पांनी मला फोन केला. "पोरी, तू शरीराचंच शास्त्र शिकतेस ना? मग सरळ सांग, मी चढेन की नाही?"

प्रश्न साधा दिसतो. पण बघा, चुकीचं 'हो' म्हटलं तर एका माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. आणि चुकीचं 'नाही' म्हटलं तर एक धडधाकट माणूस आयुष्यभर सपाट रस्त्यावर राहील, आणि तेही विज्ञानाच्या नावाखाली. हा प्रश्न संशोधकाने कसा सोडवायला घ्यावा, ते आपण पायरी पायरीने पाहू.

पायरी १: प्रश्न मोजता येईल असा करा

"चढेन का?" हा मोजता येणारा प्रश्न नाही. किती वेळात? किती थांबे घेऊन? कुठली सायकल? वर पोचल्यावर काय अवस्थेत? हे ठरल्याशिवाय उत्तर कुठलंही आलं तरी ते खरंही ठरतं आणि खोटंही.

इथे घाट आपल्या मदतीला येतो. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मोजणं अवघड असतं. वारा कुठून आहे, मधे किती वेळ पाय न मारता सायकल सोडून दिली, पुढे कुणी होतं का, यावर सगळं बदलतं. चढावर वेग कमी असतो, म्हणून हवेचा विरोध जवळजवळ नगण्य होतो, आणि पाय मारायचे थांबवले की सायकल थांबते. केलेलं काम बहुतेक सगळं उंचीत जमा होतं. म्हणजे घाट ही एक स्वस्तातली प्रयोगशाळाच आहे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. फरक ५७० मीटर. अंतर साधारण १२ किलोमीटर धरू. म्हणजे सरासरी चढ ५ टक्क्यांपेक्षा थोडा कमी. आप्पांचं वजन ६४ किलो, सायकल, पाणी, बूट वगैरे मिळून १६ किलो. एकूण ८० किलो.

अकरावीचं भौतिकशास्त्र आठवा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ८० × ९.८ × ५७० म्हणजे सुमारे ४४७ किलोज्यूल. हा आकडा ठरलेला आहे. तरुण असो, म्हातारा असो, तासाभरात चढा किंवा दिवसभरात, ८० किलो वजन पाचगणीला न्यायचं तर ४४७ किलोज्यूल मोजावेच लागतात. घाट कुणालाच सवलत देत नाही.

मग हातात काय आहे? वेळ! तेच काम जास्त वेळात केलं की दर सेकंदाला लागणारी ऊर्जा, म्हणजे शक्ती, कमी होते. टायरचं घर्षण, हवा आणि साखळीतली गळती धरून मी तीन अंदाज काढले. स्नायूंची कार्यक्षमता २२ टक्के धरली. सायकल चालवताना ती साधारण २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते आणि बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणूनच चढावर एवढा घाम येतो.

- ८० मिनिटांत चढायचं: ताशी ९ किमी, सुमारे ११० वॅट. त्यासाठी दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे २३ मिलिलिटर ऑक्सिजन.
- १०० मिनिटांत: ताशी ७.२ किमी, सुमारे ८८ वॅट, १८ मिलिलिटर ऑक्सिजन.
- १२० मिनिटांत: ताशी ६ किमी, सुमारे ७२ वॅट, १५ मिलिलिटर ऑक्सिजन.

याहून हळू गेलं तर सायकलचा तोल सांभाळणं कठीण होतं. म्हणजे खालची मर्यादा शरीर ठरवत नाही, सायकल ठरवते.

आता प्रश्न बदलला. "चढेन का?" याऐवजी "आप्पांचं शरीर सलग दोन तास, दर मिनिटाला, किलोमागे १५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं का?" असा झाला. याला उत्तर असू शकतं.

पायरी २: 'वय' या शब्दाच्या आत काय दडलंय ते पाहा

शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या मर्यादेला व्हीओटू मॅक्स म्हणतात. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, ती दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घसरते असं पाठ्यपुस्तकात सापडतं. आप्पांची व्हीओटू मॅक्स मोजलेली नव्हती, पण त्यांच्या वयाचा, थोडीफार हालचाल असलेला पुरुष २५ ते ३२ मिलिलिटरच्या आसपास असेल असं धरायला हरकत नव्हती. आता वरचे आकडे त्याशी ताडून बघा. ८० मिनिटांत चढायचं तर ते कमाल क्षमतेच्या ७२ ते ९२ टक्के होतं. ९२ टक्क्यांवर एवढा वेळ कुणीच टिकत नाही. १२० मिनिटांत चढायचं तर तेच ४७ ते ६० टक्क्यांवर येतं. हा बोलत बोलत चालवता येईल असा वेग आहे.

पण थांबा. "दर दशकाला दहा टक्के" ही घसरण वयामुळे होते की बसून राहिल्यामुळे? संशोधनात या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार अवघड असतं, कारण वय वाढतं तसं लोकांचं बसणंही वाढतं. दोन्ही एकमेकांत गुंतलेले. अशा घटकाला आपण गोंधळकारक चल म्हणतो.

हा गुंता दाखवणारा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत डॅलसला झाला. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची व्हीओटू मॅक्स साधारण सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी पडली. तीस वर्षांनी, म्हणजे पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी घसरण केली होती, तिच्यापेक्षा विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपेने केलेली घसरण जास्त होती! पुढे सहा महिने व्यायाम दिल्यावर ते पाचही जण सरासरीने १९६६च्या सुरुवातीच्या पातळीवर परत आले.

तुम्ही म्हणाल, फक्त पाच माणसं? हो, पाचच, आणि पाचही पुरुष. पण इथे अभ्यासाची रचना बघा. वेगवेगळ्या वयाच्या वेगवेगळ्या माणसांची तुलना नाही, त्याच माणसांची स्वतःशीच तुलना आहे. नमुना छोटा असूनही हा अभ्यास आजही शिकवला जातो, त्यामागे ही रचना आहे. व्हायव्हात "सँपल साइझ एवढा कमी का?" हा प्रश्न आला की घाबरून न जाता, आपली रचना नेमकं काय पकडते ते सांगता आलं पाहिजे.

पायरी ३: नमुन्यात कोण आलं, कोण गळलं?

आप्पांच्या जास्त जवळचा अभ्यास शोधताना मला किंग्ज कॉलेज लंडनचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला पेपर मिळाला. ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार, ८४ पुरुष आणि ४१ स्त्रिया. हृदय, फुप्फुसं, स्नायू, हाडं, संप्रेरकं, स्मरणशक्ती असं बरंच काही मोजलं. प्रश्न असा होता की व्यायाम सोडलेला नसेल, तर शरीराच्या आकड्यांवरून वय ओळखता येतं का?

उत्तर गमतीशीर आलं. बऱ्याच मोजमापांचा वयाशी संबंध ढिला निघाला. सगळ्यात घट्ट संबंध व्हीओटू मॅक्सचा होता, पण तिच्यावरूनही एखाद्या माणसाचं वय नेमकं सांगता येत नव्हतं. समान वयाच्या माणसांत एवढा फरक होता. पेपरच्या लेखकांपैकी नॉर्मन लाझरस स्वतः उतारवयातले सायकलपटू आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

हे वाचून मी आप्पांना लगेच "जा बिनधास्त" म्हणायचं का? नाही. कारण निवडीचे निकष वाचा. पुरुषांना १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत आणि स्त्रियांना ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत पूर्ण करता येणं आवश्यक होतं. धूम्रपान करणारे, जास्त मद्यपान करणारे, उच्च रक्तदाबाचे लोक वगळले होते. म्हणजे ज्यांची सायकल आजारपणाने किंवा गुडघ्याने सुटली, ते मुळात नमुन्यात नाहीतच. संशोधकांनी हे मुद्दाम केलं होतं. त्यांना बसून राहण्याचा परिणाम बाजूला काढून वयाचा परिणाम बघायचा होता, आणि त्यासाठी हा नमुना योग्यच होता. पण "सायकल चालवली की म्हातारपण येत नाही" असा मथळा देणाऱ्यांनी निकषांचा परिच्छेद वाचलेला नसतो.

पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी निकष वाचायची सवय लावा. तुमचा प्रश्न विचारणारा माणूस त्या निकषांत बसतो का, एवढं एक तपासलं तरी अर्धं काम होतं. आप्पा अर्धेच बसत होते. तंबाखू नाही, रक्तदाब ठीक. पण सलग १०० किलोमीटर त्यांनी कधी केलेले नव्हते.

पायरी ४: सूत्राचं मूळ शोधा

आता चुलतभावाचं ते सूत्र. २२० वजा वय म्हणजे हृदयाचे कमाल ठोके. आप्पांसाठी १५८. जिममध्ये, मनगटी घड्याळात, भिंतीवरच्या तक्त्यावर, सगळीकडे हेच.

हे आलं कुठून? १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या एका लेखात वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले होते. त्यातून ही ढोबळ रेषा पुढे आली. रीतसर रिग्रेशन करून काढलेलं हे समीकरण नव्हतं. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेर यांनी या सूत्राचा इतिहास खणून काढला, तेव्हा हे स्पष्ट झालं. एक लेख दुसऱ्याचा संदर्भ देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि मूळ पानावर मात्र कुणी जात नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधले किती संदर्भ असे 'ऐकीव' आहेत, एकदा तपासून बघा.

२००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ जणांची माहिती एकत्र केली आणि नवं समीकरण दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. आप्पांसाठी १६५. हे नक्कीच जास्त भक्कम आहे. पण हीसुद्धा सरासरीच. प्रत्यक्ष माणसं तिच्याभोवती साधारण १० ठोक्यांच्या प्रमाण विचलनाने पसरलेली असतात. म्हणजे ६२ वर्षांच्या दर तीन माणसांमागे दोघं १५५ ते १७५ च्या दरम्यान असतील आणि एक या पट्ट्याच्याही बाहेर. आप्पा त्यातले नेमके कुठले, हे समीकरण सांगू शकत नाही. ते सांगायचं त्याचं कामच नाही.

मग काय करायचं? मोजायचं! मी आप्पांना एकच अट घातली. आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटायचं आणि स्ट्रेस टेस्ट करायची. साठीनंतर पहिल्यांदाच असा दमसासाचा प्रयोग करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, कारण इथे सूत्रापेक्षा तपासणी मोलाची आहे. अहवाल चांगला आला. ते पूर्ण थकेपर्यंत चाचणी चालली आणि ठोके १७१ पर्यंत गेले. सूत्राच्या १५८ पेक्षा तेरा जास्त, तनाकांच्या अंदाजापेक्षा सहा जास्त, आणि तरीही सगळं सामान्य.

पायरी ५: अंदाज आधी लिहून ठेवा

घाट चढायच्या आधी मी वहीत लिहिलं: थांबे वगळून १०० ते १२५ मिनिटं. तारीख टाकली, फोटो काढून आप्पांना पाठवला. हे का? कारण निकाल कळल्यावर "मला वाटलंच होतं" असं म्हणायला सगळेच मोकळे असतात. मोठ्या चाचण्यांत संशोधनाचा आराखडा आधी नोंदवतात त्यामागे हेच कारण आहे. तुमच्या प्रयोगवहीत हे आजपासून सुरू करता येईल. खर्च शून्य.

तयारीत एकच मोठा बदल केला, गिअरचा. ताशी ६ किलोमीटर वेगाला साध्या बिनगिअरच्या सायकलवर मिनिटाला जेमतेम २० वेळा पाय फिरतात आणि पेडलवर सरासरी २० किलो वजनाएवढा जोर लागतो. पुढे २८ दात्यांची आणि मागे ३२ दात्यांची चकती असेल तर पाय ५४ वेळा फिरतात आणि जोर साडेसात किलोंवर येतो. काम तेवढंच, शक्ती तेवढीच, पण गुडघ्यावरचा भार तिसऱ्या हिश्श्याएवढा. वयानुसार स्नायूंची एकदम जोर लावायची ताकद कमी होते, म्हणून भार स्नायूंवरून काढून हृदय-फुप्फुसांकडे वळवणं शहाणपणाचं. आप्पांना हे समजावायची गरज पडली नाही. म्हणाले, "घाटात टॉपला गाडी कोण चढवतं?"

आप्पांचा घाट

डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पसरणी गाव सोडून चढाला लागलो. त्यांच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा होता, मी मागे स्कूटीवर. दर दहा मिनिटांनी मी एकच विचारायचे, किती जड वाटतंय? त्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी श्रमपट्टी वापरली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे कमाल. ६ पासून का सुरू होते? तरुण निरोगी माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की अंदाजे ठोके मिळावेत म्हणून. यंत्र बंद पडलं तरी माणसाला विचारता येतं, हा तिचा मोठा फायदा.

पहिली वीस मिनिटं आप्पा ठरल्यापेक्षा जोरात गेले. पहिल्यांदा चढणारे सगळेच जातात. पाय ताजे असतात आणि वेग शरीराला सपाट रस्त्याच्या सवयीने कळतो. बोर्ग १५ वर गेलं, वाक्यं तुटायला लागली. मी हळू करायला सांगितलं. मग धोमचं पाणी खाली दिसायला लागेपर्यंत ते १२-१३ वर स्थिरावले. तीन थांबे घेतले. एका वळणावर वर येणाऱ्या एसटीच्या चालकाने ओळखून हॉर्न दिला, तेव्हा ठोके आठने वाढले. चढ मात्र तोच होता. ही नोंद मी ठेवली आहे, कारण ठोक्यांवर श्रमाशिवाय इतर गोष्टींचाही परिणाम होतो याचा याहून चांगला पुरावा मला मिळणार नाही.

दांडेघर नाक्यापाशी घड्याळ बघितलं. प्रत्यक्ष चालवायला ११२ मिनिटं, थांब्यांसकट सव्वादोन तास. वहीतल्या पट्ट्याच्या आत. सरासरी ठोके १२८, सर्वांत जास्त १४९.

हेच आकडे दोन फूटपट्ट्यांनी मोजून बघा. २२० वजा वय धरलं तर १४९ म्हणजे कमाल ठोक्यांच्या ९४ टक्के, म्हणजे "ताबडतोब थांबा." त्यांच्या मोजलेल्या १७१ वर तेच ८७ टक्के येतात, आणि सरासरी १२८ म्हणजे ७५ टक्के. माणूस तोच, चढ तोच, हृदय तेच. सूत्राच्या भरवशावर राहिलो असतो तर आप्पांना अर्ध्या घाटातून परत फिरवावं लागलं असतं.

उतरताना आणखी एक हिशेब. चढताना जमा केलेले ४४७ किलोज्यूल आता परत द्यायचे, आणि त्यातला मोठा भाग ब्रेकमधून उष्णता होऊन जातो. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि हातही आखडतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, मग सोडायचे, आणि मधे थांबून हात मोकळे करायचे. पहिल्या घाटात चढाची भीती सगळ्यांना असते, पण जास्त सांभाळायचं ते उतरताना.

मग यातून सिद्ध काय झालं?

हा या लेखाचा गाभा. नीट बघा, कारण इथेच बरेच प्रबंध घसरतात.

"साठीनंतर सपाटीवरच्या सायकलस्वाराला घाट चढता येत नाही" हे विधान आप्पांनी खोटं ठरवलं. सगळ्यांबद्दल केलेलं विधान पाडायला एक उदाहरण पुरतं. "साठीनंतर घाट चढणं सुरक्षित आहे" हे मात्र आप्पांनी सिद्ध केलेलं नाही. एक माणूस सुखरूप वर पोचला यावरून धोका किती आहे ते कळत नाही. त्यासाठी शेकडो-हजारो लोक, आणि त्यातले न पोचलेलेसुद्धा, मोजावे लागतात. "चार वर्षांच्या सायकलिंगमुळे आप्पा चढू शकले" हेही सिद्ध झालेलं नाही, कारण चार वर्षांपूर्वीची त्यांची मोजणी आपल्याकडे नाही. कदाचित ते तेव्हाही चढले असते!

एका माणसावरचा अभ्यास मग निरुपयोगी का? नाही. फ्रान्सचे रॉबेर मारशाँ यांचं उदाहरण घ्या. जन्म १९११. वयाच्या शंभरीत, २०१२ साली, त्यांनी तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. मग शरीरशास्त्रज्ञ वेरोनिक बिला यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला. बहुतेक हलका, थोडा कठीण. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, अंतर गेलं २६.९ किलोमीटरवर. १०१ ते १०३ या वयात त्यांची व्हीओटू मॅक्स ३१ वरून ३५ झाली. कमाल ठोके १३४ ते १३७ च्या आसपासच राहिले. २२० वजा १०१ किती होतात, तुम्हीच करून बघा.

२०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा नमुना एकच होता. पण आधी मोजलं, ठरवून हस्तक्षेप केला, नंतर पुन्हा मोजलं. त्यातून "शंभरीनंतर क्षमता वाढणं शक्य आहे" एवढंच म्हणता आलं, आणि तेवढं म्हणायला एक माणूस पुरेसा होता. "शंभरी गाठलेल्या सगळ्यांची वाढेल" असं म्हणायला तो कधीच पुरणार नाही. 'शक्य आहे', 'बहुधा घडतं' आणि 'यामुळे घडतं' ही तीन वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे.

तुम्ही सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल तर एवढं करा. तुमचं गृहीतक कागदावर लिहा आणि ते या तिन्हीपैकी कुठल्या जातीचं आहे ते शेजारी लिहा. मग तुमची रचना तेवढा पुरावा देऊ शकते का ते तपासा. देत नसेल तर दोन रस्ते आहेत, रचना बदला किंवा विधान खाली आणा. विधान खाली आणण्यात कमीपणा नाही. घाटात गिअर खाली घेतो तसंच आहे ते.

आणि आप्पांचं उत्तर? मी त्यांना "चढाल" किंवा "चढणार नाही" असं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते असं: "आप्पा, तपासणी चांगली आली, गिअर खालचा ठेवला आणि दोन तास द्यायची तयारी असली, तर तुमच्या मापाच्या माणसाला जमायला हवं. पण बोलताना वाक्य तुटलं की थांबायचं." त्यावर ते म्हणाले, "एवढंच होय? मग एवढी पुस्तकं कशाला वाचलीस?"

एवढंच वाक्य जबाबदारीने म्हणता यावं म्हणून.